सहवासाची परीक्षा

माल पारखायला नजर लागते आणि माणूस पारखायला सहवास लागतो, असे आमचे अण्णा म्हणत. सांगलीच्या हळदपेठेत त्यांची सारी हयात गेली. सौद्याच्या वेळी ढिगातले एक हळकुंड उचलून ते मोडीत, आतला रंग पाहत आणि भाव बोलत. नवा दिवाणजी ठेवताना मात्र अशी मोडून पाहण्याची सोय नसे. म्हणून ते त्याला पहिले काही महिने गल्ल्यापाशी बसू देत नसत. हमालांबरोबर काट्याजवळ उभा करीत. हिशेब कोणालाही शिकवता येतो, पण भर उन्हात गाड्या खोळंबल्या असताना माणूस हमालाशी कसा बोलतो, हे काही शिकवता येत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

अण्णांच्या ह्या पद्धतीचे शास्त्र जगाच्या दुसऱ्या टोकाला, बर्फाच्या खंडावर तयार झाले आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आणि तेही माझ्या पुतणीमुळे. ती डॉक्टर आहे. काही वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावरील भारताच्या 'मैत्री' ह्या तळावर वर्षभर राहणाऱ्या पथकात वैद्यकीय अधिकारी म्हणून जाण्यासाठी तिने अर्ज केला. प्राथमिक निवड झाली आणि पुढील तपासणीसाठी दिल्लीचे बोलावणे आले. त्या पत्रात शारीरिक तपासणीबरोबर मानसिक तपासणीचाही उल्लेख होता. आमच्या घरात खळबळ उडाली ती थंडीच्या भीतीने नव्हे, ह्या एका शब्दाने. वहिनी गप्प झाल्या. आत्याबाई स्पष्टच बोलल्या, "अगं, मनाची तपासणी वेड्यांची करतात. उद्या स्थळवाल्यांच्या कानावर गेले तर काय सांगायचे?" माझी आई तेव्हा हयात होती. तिने एवढेच विचारले, "तिथे जेवायला काय मिळते?"

आत्याबाईंच्या प्रश्नाला हसून चालण्यासारखे नव्हते. आपल्यासारख्या व्यापारी घरांत रक्तदाब, साखर, गुडघे ह्यांच्या गोष्टी चारचौघांत होतात, पण मनाच्या बाबतीत एक शब्द निघाला तरी दार लोटून घेतले जाते. म्हणून ह्या परीक्षेत नेमके काय पाहतात, ते समजून घेण्याचे मी मनावर घेतले.

ह्या कथेचा आरंभ एका जहाजापासून करावा लागतो. १८९८च्या मार्च महिन्यात 'बेल्जिका' नावाचे बेल्जियमचे जहाज अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात बर्फात अडकले, ते पुढल्या वर्षीच्या मार्चमध्ये सुटले. दक्षिण ध्रुवीय प्रदेशातील हिवाळा काढणारी माणसांची ही पहिली तुकडी. सुमारे ७० दिवस सूर्य उगवला नाही. एक अधिकारी हृदयविकाराने दगावला. माणसे खिन्न झाली, एकमेकांची तोंडे पाहीनाशी झाली आणि एका खलाशाला कायमचे वेड लागले. जहाजावरचे डॉक्टर फ्रेडरिक कुक ह्यांनी खचलेल्या माणसांना शेगडीच्या उजेडात आणि उबेत बसवण्याचा उपचार सुरू केला. ह्या जहाजावर कोणाच्याही मनाची परीक्षा घेऊन नेमणूक झालेली नव्हती. त्याच जहाजावरचा एक तरुण अधिकारी रोआल्ड अमुंडसेन. तो १९११मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचणारा पहिला माणूस ठरला. तोच अंधार, तेच अन्न, तेच जहाज. पण एक माणूस मोडला आणि दुसरा घडला. हा फरक आधी ओळखता येईल का, हाच ह्या शास्त्राचा मूळ प्रश्न आहे.

अर्नेस्ट शॅकल्टन ह्यांनी १९१४मध्ये 'एन्ड्युरन्स' मोहिमेसाठी माणसे निवडली तेव्हा असले शास्त्र नव्हते. केंब्रिजचा तरुण पदार्थशास्त्रज्ञ रेजिनाल्ड जेम्स ह्याची मुलाखत पाच-एक मिनिटांत आटोपली. जेम्सने पुढे सांगितले की त्याला दातांविषयी विचारले, पायांच्या शिरांविषयी विचारले, स्वभाव कसा आहे ते विचारले आणि मग विचारले, 'गाता येते का?' गवय्या हवा होता असे नव्हे. चौघांच्या सुरात सूर मिसळून ओरडायला लाजणार नाही, असा माणूस हवा होता. पुढे ते जहाज बर्फात सापडून बुडाले. जहाज सोडताना प्रत्येकाला अगदी मोजके सामान घेण्याची मुभा होती, तरी एका सदस्याचे बॅन्जो हे वाद्य शॅकल्टन ह्यांनी मुद्दाम बरोबर घ्यायला लावले. त्या जहाजावरची २८ही माणसे १९१६मध्ये जिवंत परतली. अण्णा असते तर त्यांनी ह्या साहेबाला शेजारी गादीवर बसवून घेतले असते.

पण प्रत्येक पुढाऱ्याला शॅकल्टन ह्यांची नजर कोठून असणार? अमेरिकी नौदलाने १९५५-५६मध्ये अंटार्क्टिकावर तळ उभारला, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात एका माणसाला तीव्र मानसिक विकार झाला. त्याला परत पाठवण्याचा मार्ग नव्हता, कारण हिवाळ्यात ना जहाज येऊ शकत होते, ना विमान. शेवटी दवाखान्याला लागून भिंतींना गाद्या लावलेली एक खोली तयार करून त्याला तेथे ठेवावे लागले. त्यानंतर हिवाळी मुक्कामाला जाणाऱ्या प्रत्येकाची मानसिक तपासणी सुरू झाली. नौदलाचे संशोधक एरिक गंडरसन ह्यांनी पुढे वर्षानुवर्षे ह्या माणसांचा अभ्यास केला. कोण चांगला ठरला, हे त्यांनी तळावरच्या वरिष्ठांना विचारले, तसेच बरोबर राहिलेल्या सोबत्यांनाही विचारले. त्यातून तीन कसोट्या पुढे आल्या : कामातील प्रावीण्य, भावनांचा तोल आणि इतरांशी जमवून घेण्याची वृत्ती. ह्यांपैकी एकच भक्कम असून भागत नाही. कामात अव्वल, पण जेवणाच्या टेबलावर सर्वांना नकोसा झालेला माणूस अशा ठिकाणी संपूर्ण पथकाला जड होतो.

मला सर्वांत आश्चर्य वाटले ते असे की, ह्या परीक्षा शूर माणूस शोधत नाहीत. धाडसाची आस असलेला, सतत नवे काहीतरी हवे असणारा माणूस अशा मुक्कामात लवकर कंटाळतो. ज्याला कमी बोलून, कमी करमणुकीत, ठरलेली कामे नेमाने करीत राहता येते, तो टिकतो. जपानच्या अंतराळ संस्थेने २००९च्या सुमारास अंतराळवीर निवडताना शेवटच्या दहा उमेदवारांना आठवडाभर एका बंद दालनात ठेवले होते. तेथे कॅमेऱ्यांची नजर अखंड होती. त्यांना दिलेल्या कामांपैकी एक होते कागदाचे हजार बगळे घडवण्याचे. ते बगळे क्रमाने दोऱ्यात ओवायचे होते. परीक्षकांनी पाहिले ते एवढेच की, पहिल्या बगळ्याची घडी आणि हजाराव्या बगळ्याची घडी सारखीच नेटकी आहे का. घाई झाली, कंटाळा आला, कोणी पाहत नाही असे वाटले, तरी हात तोच राहतो का? ही हकीकत मी दुकानात सांगितली तेव्हा आमचे जुने दिवाणजी म्हणाले, "म्हणजे मार्चअखेरच्या वहीचे अक्षर पाडव्याच्या वहीसारखे आहे का, असेच ना?" ह्याहून चांगला अर्थ मला सांगता आला नसता.

एकांताचीही परीक्षा असते. भारताचे पहिले अंतराळवीर राकेश शर्मा ह्यांना १९८४च्या उड्डाणाआधी बंगळूरला ७२ तास एका बंद खोलीत केवळ कृत्रिम प्रकाशात ठेवण्यात आले होते. कोंडलेपणाची भीती मनाच्या तळाशी कोठे दडलेली नाही ना, हे पाहण्यासाठी.

आता ह्या परीक्षांवर किती विसंबावे, तेही सांगितले पाहिजे, कारण आपण व्यापारी माणसे नाण्याच्या दोन्ही बाजू पाहून घेतो. अमेरिकेने १९५९मध्ये आपले पहिले सात अंतराळवीर निवडले, तेव्हा शेवटच्या फेरीत ३२ वैमानिक होते. त्यांना शाईचे डाग दाखवून काय दिसते ते विचारले, 'मी कोण आहे?' ह्या एकाच प्रश्नाची वीस उत्तरे लिहायला लावली. पीट कॉनराड नावाच्या वैमानिकापुढे एक कोरे कार्ड ठेवण्यात आले, तेव्हा त्याने ते परत सरकवत सांगितले की कार्ड उलटे धरले आहे. त्या खेपेस त्याची निवड झाली नाही. लांब पल्ल्याच्या उड्डाणास तो योग्य नाही, असा शेरा त्याच्यावर बसल्याची हकीकत सांगितली जाते. हाच कॉनराड १९६२मध्ये निवडला गेला, १९६९मध्ये चंद्रावर चालणारा तिसरा माणूस झाला आणि १९७३मध्ये अंतराळातील प्रयोगशाळेत २८ दिवस राहून आला.

उलट बाजूचे उदाहरण अगदी ताजे आहे. अंटार्क्टिकाच्या ज्या भागात आपला मैत्री तळ आहे, त्याच भागात दक्षिण आफ्रिकेचा 'सानाए' तळ आहे. २०२५च्या आरंभी तेथील एका सदस्याने सहकाऱ्यावर हल्ला केल्याची तक्रार जगभर गाजली. त्या पथकातील सर्वांची निघण्यापूर्वी मानसशास्त्रीय तपासणी झालेली होती. ठिणगी कशावरून पडली? ठरलेल्या कामाचे वेळापत्रक बदलण्यावरून. आपल्या घरांतील कित्येक भांडणेही अशाच क्षुल्लक कारणावरून पेटतात. पण तेथे तासभर बाहेर फिरून येऊन डोके शांत करण्याची सोय नसते.

तात्पर्य, ही चाचणी भविष्य सांगत नाही. जाणकार तिचे दोन भाग मानतात : ज्याला पाठवू नये त्याला बाजूला काढणे आणि जो सर्वांत योग्य त्याला वेचून घेणे. पहिले काम ती बऱ्यापैकी करते. दुसरे फार कठीण आहे. म्हणूनच ज्याची निवड होत नाही, त्याच्या डोक्यात बिघाड आहे असा अर्थ कोणी काढू नये. गोदामात ठेवलेली हळद आणि उन्हात टाकलेली हळद ह्यांचा कस वेगळ्या रीतीने लागतो. संसारात, दुकानात, दवाखान्यात उत्तम वागणारा माणूस दोन महिन्यांच्या रात्रीसाठी योग्य नसेल, तर त्यात कमीपणा कसला?

पुतणी दिल्लीहून परतली तेव्हा आत्याबाईंनी तिला खोदून विचारले. ती म्हणाली, "आत्याआजी, एकच गोष्ट तीन-तीन प्रकारे विचारतात. आणि मला कधीच राग येत नाही, मी कधीच खोटे बोलले नाही, असे लिहीत गेले की तेच संशयाने पाहतात." हे खरे आहे. अशा प्रश्नावल्यांत स्वतःला फार चांगले दाखवणारा माणूस ओळखण्याची मुद्दाम योजना केलेली असते. आपल्या मालात काडीचाही दोष नाही असे शपथेवर सांगणाऱ्या विक्रेत्याकडे पेठेत जसे पाहतात, तसेच हे आहे. थोडा राग येतो, कधी हेवा वाटतो, पण आवरता येतो, असे सांगणारा माणूस तेथे अधिक विश्वासाचा ठरतो.

डॉक्टरांबरोबर झालेल्या संभाषणातील एक प्रश्न तिने आम्हाला जेवताना सांगितला. तुम्ही बर्फावर असताना घरी कोणी गेले, तर तुम्हाला परत आणता येणार नाही. अशी बातमी तुम्हाला लगेच कळवावी की परत आल्यावर? ती म्हणाली होती, "लगेच. पण आधी आमच्या दलप्रमुखांना सांगावे, म्हणजे मी एकटी असताना ते माझ्या कानावर येणार नाही." जेवणाच्या पंगतीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग आईच म्हणाली, "बरोबर सांगितलेस."

तिची निवड झाली. हिमालयात औलीला बर्फावर वावरण्याचे प्रशिक्षण झाले. गोव्यात वास्कोला ह्या मोहिमांची सूत्रे हलवणारी संस्था आहे. १९८१च्या डिसेंबरात डॉ. कासिम ह्यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली तुकडी गोव्याहूनच निघाली होती, आणि १९८९पासून मैत्री तळावर आपली माणसे बारा महिने राहत आली आहेत. घरच्यांना धीर देण्यासाठी मी त्यांना मंगला मणी ह्यांची हकीकत सांगितली. इस्रोच्या ह्या अधिकारी वयाच्या ५६व्या वर्षी भारताच्या 'भारती' तळावर गेल्या, पथकातील एकट्याच स्त्री म्हणून ४०३ दिवस राहिल्या आणि २०१७च्या अखेरीस सुखरूप परतल्या. त्यापूर्वी त्यांनी हिमवर्षाव पाहिलाही नव्हता. हे ऐकल्यावर वहिनी पुष्कळशा सावरल्या. आईने तिळाच्या लाडवांचे आणि मेतकुटाचे डबे भरून दिले.

मैत्रीवर मेच्या अखेरीपासून जवळजवळ दोन महिने सूर्य दिसत नाही. त्या काळात पुतणीचे फोन येत. २१ जूनला सर्व देशांच्या तळांवर मध्यहिवाळ्याचा सण होतो, त्याची वर्णने तिने हौसेने सांगितली. जुलैच्या अखेरीस सूर्य परतला. आम्हाला वाटले, आता अवघड भाग सरला. प्रत्यक्षात तिचा आवाज ऑगस्टमध्ये उतरला. चहाच्या कपाचा आवाज, कोणाच्या तरी शिंकण्याची ढब, ह्यांचासुद्धा राग येतो, असे ती म्हणे. १९९१मध्ये दोन संशोधकांनी अशा मुक्कामांविषयी लिहिले होते की मन सर्वांत खचते ते आरंभी नव्हे आणि अखेरीसही नव्हे, तर अर्धे अंतर सरल्यावर, तिसऱ्या चतुर्थांशात. कारण अर्धे झाल्याचा आनंद ओसरलेला असतो आणि तेवढेच अजून काढायचे असते. पुढच्या सर्वच अभ्यासांत हे आढळले असे नाही. आमच्या पोरीच्या बाबतीत मात्र ते अक्षरशः खरे ठरले.

नेमक्या त्याच दिवसांत आई गेली. झोपेतच गेली, त्रास झाला नाही. घर माणसांनी भरले आणि प्रश्न उभा राहिला, पुतणीला कळवायचे का? आत्याबाई आणि इतर बरेच जण म्हणाले, "इतक्या लांब, एकटी पोर. आल्यावर सांगू." त्यांच्या म्हणण्यात माया होती. पण दादा उठले आणि म्हणाले, "ह्याचे उत्तर तिने आधीच देऊन ठेवले आहे, आणि आईने त्याला होकार दिला आहे." आम्ही आधी दलप्रमुखांना निरोप पोहोचवला.

त्यांनी तिला आपल्या खोलीत बोलावले, दोघा सोबत्यांना बसवून घेतले आणि मग सांगितले. त्या आठवड्यात स्वयंपाकघरातील तिची पाळी होती. ती केरळच्या एका यंत्रज्ञाने न विचारता आपल्या अंगावर घेतली. हा तोच गृहस्थ, ज्याच्या शिंकण्याचा तिला राग येत असे. रात्री तिने उरलेले मेतकूट काढले आणि सर्वांनी भाताबरोबर थोडे थोडे खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच्या हाताला पत्रा लागला, तेव्हा तिने टाके घातले. हे सारे आम्हाला तिने परतल्यावर सांगितले. तेव्हा मी तिला विचारले, दिल्लीच्या परीक्षेचा उपयोग झाला का? ती म्हणाली, "काका, परीक्षेने मला खंबीर केले नाही. पण त्यांनी तो प्रश्न विचारला नसता, तर मी आज्जीशी ते कधी बोललेच नसते."

ह्या उत्तराने मला त्या चाचणीकडे पाहण्याची वेगळी दृष्टी दिली. माणसाला निवडणे किंवा गाळणे हा तिचा एक भाग झाला. ज्या गोष्टी आपण घरात तोंडावर आणत नाही, त्या ती विचारायला लावते, हा तिचा दुसरा आणि कदाचित अधिक मोलाचा भाग. आपली मुले आज शिक्षणासाठी, नोकरीसाठी, जहाजांवर, परदेशांत जातात. बॅगेचे वजन आपण दोनदा करतो. आजारी पडलास तर कोणाला सांगशील, राग आला की काय करतोस, इथे काही वाईट झाले तर तुला कधी कळवू, हे प्रश्न मात्र निरोपाच्या गडबडीत राहून जातात. अशुभ बोलू नये म्हणूनही राहतात. बर्फावर माणसे पाठवणारे लोक ते आधी विचारतात, कारण नंतर विचारण्याची सोय नसते. आपल्यालाही ती बहुतेक वेळा नसतेच.

आमच्या पेढीवर आता नवा माणूस घेताना मी अण्णांचीच रीत चालवतो, त्यात एकाच गोष्टीची भर घालून. तो पूर्वी जेथे होता, तेथील मालकाचे मत मी घेतोच. पण त्याच्याबरोबर काट्याजवळ उभे राहिलेल्यांनाही विचारतो की, ह्याच्यासोबत पुन्हा काम कराल का? आणि पुतणीचे लग्न? गेल्या मार्गशीर्षात झाले. मुलाकडच्यांनी त्या मानसिक तपासणीविषयी विचारले होते. आत्याबाईंनीच पुढे होऊन सांगितले, "झाली आहे. पत्रिकेबरोबर तेही लिहून घ्या."